पंच क्रमांक दोन

माझी सही सुंदर आहे. हे मी नाही म्हणत, अख्खी कचेरी म्हणायची. भिकाजी पाष्टे या नावातल्या पहिल्या वेलांटीला मी असा काही झोका देतो की ती पार ‘ष्टे’च्या डोक्यावर जाऊन टेकते. रत्नागिरीतल्या एका सरकारी कचेरीत मी बत्तीस वर्षं कारकुनी केली. त्या बत्तीस वर्षांत किती कागदांवर ही सही केली ते देवाला ठाऊक. त्यातले किती वाचले ते मात्र मला ठाऊक आहे. फार थोडे.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपतीच्या आदल्या दिवशी सकाळी साहेबांनी मला आणि माझ्या शेजारच्या टेबलावरच्या विनीत ठसाळेला बोलावून घेतलं आणि पोलीस ठाण्यातून पंच मागितलेत, तुम्ही दोघं जा, म्हणून सांगितलं. पोलिसांनी काही जप्त केलं की दोन तिऱ्हाईत माणसं साक्षीला लागतात, ते पंच. सरकारी नोकर त्यांना बरा वाटतो, कारण तो पुढे कोर्टात फिरत नाही. फिरला तर नोकरीवर येतं. माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. माझं गाव संगमेश्वरच्या पलीकडे, साडेअकराची एसटी चुकली की गणपती आणायला घरात दुसरं कोणी नाही. कोकणातल्या माणसाला गणपतीच्या आदल्या दिवशी अडवून बघा, म्हणजे तो काय काय कबूल करतो ते कळेल.

खून कुणाचा, ते पेपरात आलंच होतं. शहराबाहेरचे बागायतदार श्रीपती पानवलकर तीन दिवसांपूर्वी स्वतःच्याच कलमांच्या बागेत मेलेले सापडले होते. मानेवर कोयत्याचे दोन घाव. आणि धरला होता सुहास तांबे. बागेच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी, सुहास तिथला. पानवलकरांकडेच बेणणीला जायचा, झाडांखालचं रान कोयत्याने साफ करायचा. वाडीची पायवाट बागेतून जाते, तिला पानवलकरांनी फाटक बसवलं, त्यावरून दोघांची चार लोकांत वादावादी झाली होती. तेवढं पुरलं.

ठाण्यात हवालदार भला माणूस निघाला. भला माणूसच म्हणतो मी त्याला, आजही. तो मंडणगडचा, त्यालाही घर गाठायचं होतं. तो म्हणाला, काका, आरोपीला दुपारी जागा दाखवायला नेणार, कोयता कुठे लपवलाय ते सांगायला तयार झालाय. तुम्ही थांबताय, की सह्या करून निघताय? गणपती आहे, आम्ही समजतो. त्याने चार कोरे कागद आणि सहा लेबलं पुढे केली. सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारलेल्या होत्या.

त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्रावर एक कोयता ठेवलेला होता. मुठीला निळी टेप गुंडाळलेली, पात्यावर काळपट सुकलेलं काहीतरी आणि त्याला मुंग्या लागलेल्या. जागा अजून दाखवायची आहे तर हा कोयता इथे कसा, हे माझ्या डोक्यात आलं होतं. खोटं कशाला सांगू? आलं होतं, आणि मी घड्याळ बघितलं. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दहा सह्या केल्या, विनीतनेही केल्या. एसटी मिळाली. दीडला घरी पोचलो, दोन वाजता आमच्या गावच्या गणपतीच्या शाळेतून, म्हणजे जिथे मूर्ती घडवतात तिथून, गणपती डोक्यावर घेतला आणि शेतातल्या बांधावरून घरी आणला. शाळकरी पुतण्या यज्ञेश नवा मोबाइल घेऊन पुढे उलटा चालत फोटो काढत होता. मी त्याला दोनदा ओरडलो की अरे, पडशील वहाळात.

दीड वर्षाने समन्स आलं. साक्षीच्या आदल्या दिवशी पोलिसांनी जीपमधून त्या बागेत नेऊन आम्हाला सगळं समजावलं. हा गडगा, म्हणजे चिऱ्यांचा रचलेला बांध. हा त्यातला तिसरा थर. इथून आरोपीने दगड काढला, आत हात घातला, कोयता बाहेर काढला. रस्त्यापासून चाळीस पावलं. मी पावलं मोजली. पोलिसांनी लिहिलेला पंचनामा तेव्हा पहिल्यांदा वाचला, खाली माझी सही झोकात बसलेली. तारीख सोळा सप्टेंबर, वेळ दुपारी दोन ते सव्वातीन. येताना नाक्यावर चहा आणि भजी झाली. विनीतने भजी खाल्ली नाहीत.

त्या दिवशी नाही म्हणता आलं असतं. पण मग दहा सह्या कोऱ्या कागदावर कशा केल्या, ते सांगावं लागलं असतं. नोकरीची चार-पाच वर्षं उरली होती. मी स्वतःला समजावलं की कोयता तर मी बघितलाच आहे, या डोळ्यांनी बघितलाय. मुठीला निळी टेप होती. लॅबचा रिपोर्टही आला होता, पात्यावरचं रक्त पानवलकरांचंच. म्हणजे खोटं त्यात उरलं काय, फक्त जागा.

फक्त जागा. पुढे कळलं की सगळा खटला त्या जागेवरच उभा होता. तो कोयता बागेतल्या मांगरात, म्हणजे खोपटात, खुंटीला असायचा, गडी येता-जाता घ्यायचे, टेप सुहासनेच गुंडाळलेली. रक्त लागलेला कोयता प्रेताशेजारी सापडला असता तर तो कुणाच्याही हातातला ठरला असता. गडग्यात लपवलेला आणि सुहासने स्वतः काढून दिलेला, म्हणून तो त्याचा ठरला. लॅबने तिच्यापुढे जे आलं त्याबद्दल खरं तेच सांगितलं. तिला जागा कुणी विचारली नव्हती, ती सांगायला आम्ही होतो.

कोर्टात मी छान बोललो. सरकारी वकिलाने कोयता दाखवला, मी म्हटलं हाच तो. सुहासचा वकील सरकारने दिलेला, दमलेला माणूस. त्याने विचारलं, पंचनामा जागेवर लिहिला? होय. वाचून सही केलीत? होय. गडगा रस्त्यापासून किती लांब? चाळीस पावलं. न्यायाधीशांनी मान डोलावली. आरोपीच्या पिंजऱ्यात सुहास उभा होता. पस्तिशी-चाळिशीचा, मूठभर अंगाचा माणूस. तो माझ्याकडे रागाने बघत नव्हता. अनोळखी माणूस आपल्या घरात शिरून आपल्याच भांड्यांची नावं सांगायला लागला तर आपण जसं बघू, तसं बघत होता. त्याने मला आयुष्यात पहिल्यांदा बघितलं ते त्या दिवशी, आणि ते फक्त त्याला, मला, विनीतला आणि पोलिसांना माहीत होतं.

शेवटी त्याला विचारलं, तुला काही सांगायचं आहे का. तो म्हणाला, “हे काका तिथे नव्हते. मीपण नव्हतो.” कोर्टाने लिहून घेतलं की आरोपीने सर्व नाकारलं.

जन्मठेप झाली. निकालात माझ्यावर दोन ओळी होत्या: पंच क्रमांक दोन हे जबाबदार सरकारी कर्मचारी असून त्यांचे आरोपीशी वैर नाही, त्यांच्यावर अविश्वास ठेवण्यास कारण दिसत नाही. पेपरात त्या ओळी छापून आल्या. मी ते कात्रण कापून ठेवलं, माझ्या नोकरीच्या कागदांत. लाज वाटते सांगायला, पण अभिमानाने ठेवलं.

सुहासने खून केला की नाही, मला माहीत नाही. पुष्कळ जण मला आता विचारतात, म्हणून सांगतो. त्या कोयत्याशिवाय त्याच्याविरुद्ध एक फाटकाचं भांडण तेवढं होतं. फाटकावरून भांडण झालं म्हणून खुनी ठरायचं तर आमच्या गावात एकही माणूस बाहेर राहायचा नाही.

विनीत कोरोनात गेला. मी निवृत्त झालो, गावी येऊन राहिलो. पेन्शन, चार कलमं, मुंबईला मुलगा, त्याची मुलगी ओवी. नाकासमोर चालणारा माणूस अशी माझी ख्याती.

गेल्या श्रावणात, गणपतीला आठ दिवस होते, तेव्हा एक मुलगी दारात आली. पाठीला सॅक, चप्पल चिखलाने भरलेली. पायरीवर पाय धुऊन मगच ओटीवर आली. नाव सांगितलं, आम्रपाली सुहास तांबे. मी म्हटलं, बस. बायकोने, कुसुमने, पाणी आणून दिलं. बापाला नेलं तेव्हा ही दहा वर्षांची होती, आता वकिलीच्या दुसऱ्या वर्षाला.

तिने आवाज चढवला नाही. सॅकमधून एक फोटो काढला आणि माझ्या हातात दिला. त्यात मी होतो. डोक्यावर गणपती, अंगात नवा सदरा, बांधावर उभा, आणि मागून आरतीचं ताट घेऊन येणारी कुसुम. यज्ञेशने तो दहा वर्षांपूर्वी फेसबुकवर टाकला होता. वर तारीख होती, सोळा सप्टेंबर, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. खाली त्याने लिहिलं होतं, आमचे काका बाप्पाला घेऊन निघाले.

खटल्यातल्या साक्षीदारांची नावं फेसबुकवर टाकून बघत बसते मी, ती म्हणाली, परीक्षेच्या दिवसांतसुद्धा. गेल्या वर्षी हा फोटो सापडला. मुंबईच्या वकिलांना दाखवला. हायकोर्टात अपील आठ वर्षं पडून आहे. वकील म्हणाले, फोटोवर सरकार म्हणेल तारीख कुणीही बदलतं. फोटोतला माणूस स्वतः बोलला तर गोष्ट वेगळी. तिने चार टाइप केलेले कागद काढून माझ्यासमोर ठेवले. प्रतिज्ञापत्र. मी त्या दिवशी त्या वेळी कुठे होतो आणि कोऱ्या कागदांवर सह्या कशा केल्या, एवढंच.

मग तिने तिसरी गोष्ट सांगितली. बापाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. कोल्हापूरच्या जेलातून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेत, कधी गार्ड नसला की एकदाच. हे कागद हातात पडले की वकील त्याच आठवड्यात जामिनाचा अर्ज करणार होते. तिच्या मामाने एक किडनी द्यायची तयारी ठेवली होती. बाहेर आला तरच पुढचं.

मी सगळं ऐकलं. एकही गोष्ट मला कळली नाही असं झालं नाही. मी मनात हिशेब घातला की खोट्या साक्षीला सात वर्षं, पेन्शनवर चौकशी, गावात तोंड दाखवायला जागा नाही, मुलगा आणि सून गणपतीला येणार, आणि ओवीला कोणीतरी सांगणार की तुझे आजोबा जेलात जातायत. आणि मी म्हटलं ते हे:

“करतो बाळ. नाही म्हणत नाही. पण आता घरात गणपती यायचाय. तेवढे गणपती होऊ देत.”

तिने कागद सारखे केले. मान वर न करता म्हणाली, “तेव्हाही गणपतीच होते ना, काका?”

ती फोन नंबर लिहून ठेवून गेली. कागदही ठेवून गेली. मी ते देवघरातल्या फडताळात ठेवले, अक्षता आणि कापूर यांच्या शेजारी.

आमचा गणपती अकरा दिवसांचा. मुलगा आला, सून आली, ओवीने आरत्या म्हटल्या. फडताळ उघडलं की कागद दिसायचे. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते काय असतं ते त्या दिवसांत कळलं. कुसुमने कागद पहिल्याच दिवशी वाचले होते. ती नैवेद्याचं ताट वाढून माझ्या हातात देईना, ओवीच्या हातात द्यायची. पाचव्या दिवशी म्हणाली, त्या मुलीला फोन करा. मी म्हटलं, गौरी जाऊ देत. माणसं घरात आहेत. सातव्या दिवशी गौरी गेल्या. मी म्हटलं, आता चार दिवसांनी विसर्जनच आहे, मग निवांत जातो रत्नागिरीला. निवांत हा शब्द मी वापरला होता, कुसुमला अजून आठवतो.

सुहास गेला तो गौरीविसर्जनाच्या दिवशी. पहाटे कोल्हापूरच्या दवाखान्यात. मला ते तिसऱ्या दिवशी पेपरात कळलं, आतल्या पानावर चार ओळी होत्या. ‘पानवलकर खून प्रकरणातील आरोपीचा आजाराने मृत्यू.’ मी ओटीवर बसून त्या ओळी वाचल्या, मग पुन्हा वाचल्या, मग आत जाऊन फडताळ उघडलं. कागद तिथेच होते. त्यांच्यावर गुलाल उडून पडला होता. मी रडलो. त्या माणसासाठी रडलो की स्वतःसाठी, ते मला सांगता येणार नाही. कुसुमने मला रडू दिलं आणि मग म्हणाली, “आता तरी फोन करा.”

मला वाटलं होतं आम्रपाली शिव्या देईल. तिने फोन उचलला आणि म्हणाली, अपील करणारा वारला तरी घरच्यांना खटला पुढे चालवता येतो, तीस दिवसांत अर्ज करायचा असतो, त्यातले तीन गेलेत. कागद नवे करावे लागतील, नावापुढे मयत घालावं लागेल. विसर्जनानंतर सोमवारी या. मी म्हटलं, उद्या येतो. ती म्हणाली, कागद तयार व्हायला वेळ लागतो काका, सोमवारीच या.

सोमवारी कोर्टाच्या आवारात नोटरीच्या टेबलापाशी ती उभी होती, आणि बाकावर तिची आजी बसली होती, सुहासची आई येसूबाई. पंच्याहत्तरीची, पांढरं लुगडं, पायात स्लीपर. तिने मला ओळखलं. तिने मला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहून बोलताना ऐकलं होतं, तेव्हा ती मागच्या बाकावर होती. मी हात जोडले. तिने जोडले नाहीत. मला ते बरं वाटलं, कारण तिने जोडले असते तर मी काय केलं असतं?

नोटरीला घाई होती. त्याने चारही पानं भराभर उलटली, पेन्सिलीने फुल्या मारल्या आणि पेन माझ्यापुढे केलं. इथे, इथे, इथे आणि शेवटी पूर्ण सही. माझा हात सवयीने पुढे झाला. आम्रपालीने कागद ओढून घेतले.

“आधी वाचू दे त्यांना,” ती नोटरीला म्हणाली.

मी चष्मा लावला. तेवढ्यात बाकावरून येसूबाई बोलली. “मोठ्यान वाचा. माका वाचूक येत नाय.”

मग मी वाचलं, कोर्टाच्या आवारात, जाणारे-येणारे थांबून बघत असताना. की मी, भिकाजी पाष्टे, वय बासष्ट, शपथेवर लिहून देतो की सदर पंचनाम्याच्या वेळी मी तिथे हजर नव्हतो. की मी कोऱ्या कागदांवर सह्या केल्या. की कोयता मी सकाळीच ठाण्यातल्या टेबलावर पाहिला होता. की मयत सुहास भिकू तांबे यांनी माझ्यासमोर कोणतीही जागा दाखवली नाही, आणि कोर्टात मी दिलेली साक्ष खोटी होती. तिसऱ्या पानावर वेळ दोन वाजता अशी टाइप झाली होती, ती मी पेनाने दोन वाजून दहा अशी दुरुस्त केली आणि बाजूला छोटी सही केली. सगळं मिळून दहा मिनिटंही लागली नसतील.

वाचून झाल्यावर मी कागद टेबलावर ठेवले. येसूबाई उठून जवळ आली. तिने ते हातात घेतले, एक एक करून मोजले, आणि नातीकडे बघून विचारलं, “चारच कागद?”

आम्रपाली म्हणाली, हो आजी, चारच.

“माका वाटला खूप मोठा काय लिवायचा असंल,” ती म्हणाली. “दहा वर्सां लागली म्हणान.”

ती परत बाकावर जाऊन बसली. नोटरीने पेन पुन्हा पुढे केलं. मी सही केली. नेहमीसारखीच सुंदर आली.